किनारा सफाईला आजी-आजोबांना नेणार असशील तर

गुहागरला सफाई ठेवतोयस, तर आधी तिथी बघ. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत सकाळी ओहोटी सापडते, ओली घट्ट वाळू चालायला मिळते. कोरड्या भुसभुशीत वाळूत म्हाताऱ्या माणसांचे पाय मुरगळतात, तिकडे नेऊच नकोस. लांब दांड्याचे चिमटे दे, वाकायला नको. गोणी तरुणांनीच ओढायची.

ज्यांना चालवत नाही त्यांना सुरूच्या सावलीत खुर्ची दे, हातमोजे दे, बाटल्या आणि नायलॉन जाळ्यांचे तुकडे वेगळे करू देत. जुन्या कोळणींना जाळं हातात घेताच ते कसलं हे कळतं. त्यांना विचार, मन लावून ऐक. फोटोपुरतं बोलावलेलं त्यांना फार लागतं. आणि ऊन चढायच्या आत सगळ्यांना घरी पोचव.