'आमी' शब्द बंगाली, फ्रेंच आणि जपानी तिन्हीत आहे, मग मूळ एकच का?

नाही हो, निव्वळ योगायोग आहे. बंगालीत आमि म्हणजे मी, आणि तो तर आपल्या 'आम्ही'चा सख्खा भाऊ, दोघंही संस्कृत 'अस्म'पासून प्राकृत 'अम्हे' मार्गे आलेत, फक्त बंगालीत अनेकवचनाचं एकवचन होऊन बसलं, हे मला फार भारी वाटतं. फ्रेंच आमी म्हणजे मित्र, तो लॅटिन 'आमिकुस'वरून, स्पॅनिश आमिगोपण तिथलाच. जपानीत आमी म्हणजे जाळं. क्रोशाच्या बाहुल्यांना आमिगुरुमी म्हणतात ना, त्यातला आमी विणण्याच्या 'आमु' क्रियापदातला. आता फ्रेंच आणि बंगाली लांबून एकाच भाषाकुळातल्या आहेत हे खरं, पण इथे त्याचा संबंध नाही, 'आमिकुस' आणि 'अम्हे' शेजारी ठेवून बघा, साम्य तिथेच संपतं.