नव्या रेसिंग गाड्यांचे किट कुठे गेले?

प्रश्न : सर, शाळेत असताना मी टामिया या जपानी कंपनीच्या प्लास्टिक किटमधून फॉर्म्युला वन गाड्या जोडायचो. आता मुलीसाठी चालू हंगामातल्या गाडीचं किट शोधतोय, तर दुकानात जुन्याच गाड्या. असं का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुम्ही जोडलेलं टायरेल पी३४ असेल, तर मला तुमचा हेवाच वाटतो. सहा चाकांची ती गाडी १९७६ मध्ये स्वीडनमध्ये जिंकली आणि पुढच्याच वर्षी टामियाने मूळ गाडीच्या १/२० मापात तिचं किट काढलं. तो वेग आता परवडत नाही. किटचे प्लास्टिकचे भाग ओतायचा पोलादी साचा महाग, तो वसूल व्हायला वर्षं लागतात. गाडी मात्र दर हंगामात बदलते. त्यावर संघाचं, प्रायोजकांचं परवान्याचं शुल्क. तंबाखूच्या जाहिरातींचं त्रांगडं वेगळंच : १९८८ ची मॅकलॅरेन एमपी४/४ जोडायची, तर मार्लबोरो सिगारेटची अक्षरं किटमध्ये नसतात, ती डेकलच्या, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या छापील चित्रांच्या, वेगळ्या कागदावर घ्यावी लागतात. आणि आजच्या गाड्यांचे पंख इतके गुंतागुंतीचे, की ते प्लास्टिकात पातळ ओतणंच कठीण.

मुलांचा ओढा लेगोच्या ठोकळ्यांकडे गेला. २०२५ मध्ये लेगोने दहाही संघांच्या गाड्या आणल्या. मॉडेल फॅक्टरी हिरो रेझिन-धातूची अप्रतिम किट काढते, पण ती मुरलेल्या हातांसाठी आणि भरलेल्या खिशासाठी.

मुलीला जुनीच गाडी द्या, बिनधास्त. सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकं गाडीला जोडणाऱ्या, नाजूक काड्या मात्र सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला चिकटून येतात, तिच्यातून पिळून तोडू देऊ नका, कटरनेच कापायला लावा.