पीई कमी दिसला म्हणजे शेअर स्वस्तच का?

प्रश्न: ताई, माझ्याकडच्या एका खाण कंपनीचा पीई ६ वर आलाय, दहा वर्षांचा मध्यक १२ दाखवतोय. म्हणजे निम्म्यात मिळतोय ना, अजून घेऊ का? – एक वाचक, फोंडा

उत्तर: जरा थांबा. पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा, त्यामुळे तो भाव पडून खाली आलाय की नफा फुगून हे आधी बघा, आणि खाण, स्टील, साखर असल्या धंद्यात बऱ्याचदा नफाच फुगलेला असतो. समजा भाव २४० आणि नफा ४० रुपये, पीई ६. उद्या खनिजाचे दर उतरले, नफा १० वर आला, तर भाव तिथेच राहूनही पीई २४! म्हणजे इथे कमी पीई हा तेजी संपत आल्याचा इशारासुद्धा असू शकतो. आपल्या गोव्यात २०१२ ला आणि परत २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने खाणी थांबल्या, ट्रकवाले बार्जवाले घरी बसले, तुम्ही जवळून बघितलंच असेल, तर असं वर्ष आलं की नफा कोसळतो आणि पीईचा ग्राफ आभाळाला भिडतो, तोटा झाला तर पीईला अर्थच उरत नाही. म्हणून मी तरी मागच्या सात-दहा वर्षांचा सरासरी नफा काढते आणि आजच्या भावाला त्याने भागते. जमीन विकून एकदाच आलेला पैसा त्यातून वगळायचा. नफा कन्सॉलिडेटेडच, म्हणजे उपकंपन्यांसकट एकत्रितच धरा, निफ्टीचा पीईसुद्धा मार्च २०२१ च्या अखेरपासून तसाच काढतात, त्यामुळे तिथे ग्राफ ४० वरून एकदम ३३ च्या आसपास आलेला दिसतो, बाजार काही त्या दिवशी स्वस्त झाला नव्हता.