ऑटोकॅडमध्ये रेषा नेमक्या कोनात कशी काढावी?

आपण विचारले आहे, की ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या संगणक प्रणालीत भिंतीच्या टोकापासून ४००० मिलिमीटर लांबीची रेषा ३७ अंशांत काढायची असता ती कधी भलत्याच दिशेला जाते, तर कधी दिशा बरोबर दिसूनही मोजल्यावर कोन जुळत नाही. तेव्हा खात्रीची पद्धत कोणती? या दोन्ही तक्रारींची कारणे निरनिराळी आहेत, म्हणून त्या वेगवेगळ्या घेतो. मी रत्नागिरीत घरांचे आणि उतरत्या छपरांचे नकाशे काढतो, त्यामुळे तिरप्या रेषेशी माझा रोजचा संबंध येतो. खाली आकडे देवनागरीत लिहिले असले, तरी आज्ञा देताना कीबोर्डवरचे नेहमीचे इंग्रजी आकडेच दाबावेत.

प्रथम दिशेविषयी. ऑटोकॅडमध्ये मूळ मांडणीनुसार शून्य अंश म्हणजे उजवीकडची आडवी दिशा, आणि तेथून कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वाढत जातो. लाइन ही आज्ञा देऊन पहिला बिंदू भिंतीच्या टोकावर टिपावा आणि मग @४०००<३७ असे टंकून एंटर दाबावे. यातील @ या चिन्हाचा अर्थ 'शेवटच्या बिंदूपासून' असा आहे. डायनॅमिक इनपुट (कर्सरजवळच आकडे भरण्याची सोय) बंद असताना हे चिन्ह राहून गेले, तर तेच अंतर आणि तोच कोन नकाशाच्या ०,० या आरंभबिंदूपासून मोजला जातो आणि रेषा कुठच्या कुठे जाऊन पडते. नवशिक्यांची रेषा हरवण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. रेषा उजवीकडे खाली उतरायला हवी असेल, तर कोन उणे लिहावा, म्हणजे @४०००<-३७. ऑर्थो (रेषा फक्त आडवी किंवा उभी ठेवणारी सोय) चालू असला तरी टंकून दिलेल्या आकड्यांना त्याची आडकाठी होत नाही.

@ लिहूनही रेषा वाकडी जात असेल, तर यूसीएस, म्हणजे वापरणाऱ्याने ठरवलेली अक्षांची मांडणी, तपासावे. तिरक्या प्लॉटवर काम सोपे व्हावे म्हणून अनेक जण यूसीएस प्लॉटच्या हद्दीशी समांतर फिरवून ठेवतात. त्यानंतरचे सगळे कोन त्या फिरवलेल्या आडव्या अक्षापासून मोजले जातात. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये हे हमखास आढळते. यूसीएस आज्ञेतील वर्ल्ड हा पर्याय निवडला, की अक्ष पूर्ववत होतात. त्याबरोबरच युनिट्सच्या चौकटीत शून्याची दिशा आणि 'क्लॉकवाइज'ची खूण पाहून घ्यावी, कारण कोणी ती बदलली असेल तर आपले सगळे कोन उलटे पडतील.

डायनॅमिक इनपुट, म्हणजे एफ१२ ने चालू-बंद होणारी सोय, वापरत असाल तर एक बारकावा ध्यानात ठेवावा. लांबी टंकून टॅब दाबल्यावर कोनाच्या खिडकीत जो आकडा आपण भरतो, त्याची बाजू कर्सर ठरवतो. कर्सर आडव्या रेषेच्या खाली असेल, तर ३७ भरूनही रेषा खालीच उतरते. त्या खिडकीत १८० पेक्षा मोठा कोन दिसतच नाही, त्यामुळे चूक लगेच डोळ्यांत भरत नाही. म्हणून टॅब दाबण्याआधी कर्सर हव्या त्या बाजूला नेऊन ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

लांबी आधी ठाऊक नसेल, तर पहिला बिंदू दिल्यावर नुसते <३७ लिहून एंटर दाबावे. कर्सर त्या कोनाला बांधला जातो, मग लांबी पुरेशी घेऊन जादा भाग ट्रिम करता येतो. एफ१० चे पोलर ट्रॅकिंग (ठरावीक कोनांवर कर्सर धरून ठेवणारी सोय) मात्र पुन्हा पुन्हा येणाऱ्या कोनांसाठी ठेवावे. शाळेच्या कंपासपेटीतील दोन गुण्यांनी जसे १५ च्या पटीतले कोन निघतात, तसे ते १५, ३०, ४५ यांसाठी उत्तम. ३७ सारखा कोन त्यात 'अ‍ॅडिशनल अँगल' म्हणून वेगळा घालावा लागतो. आणि कोन आडव्या रेषेशी नसून आधीच्या एखाद्या तिरक्या भिंतीशी हवा असेल, तर एक्सलाइन (दोन्ही बाजूंना अमर्याद जाणारी रेषा काढणाऱ्या) आज्ञेत अँगल आणि त्यात रेफरन्स हा पर्याय घेऊन ती भिंत टिपावी व मग कोन द्यावा. भिंतीचा कोन मोजून त्यात मनाने बेरीज करत बसू नये.

आता दुसरी तक्रार, आणि माझ्या मते हीच अधिक महत्त्वाची आहे. आपला ३७ हा आकडा पाहताच मला शंका आली. गवंडी भिंत गुण्यात घेताना जो ३-४-५ चा त्रिकोण धरतात, त्याचा लहान कोन ३६.८७ अंशांचा असतो आणि पुष्कळदा तोच ३७ म्हणून सांगितला जातो. आपली रेषा मुळात चारास तीन अशा उतारावरून आली असेल, तर ३७ टंकणे चूक ठरेल, कारण ४ मीटर आडव्या अंतरावर टोकाची उंची सुमारे १४ मिलिमीटरने जास्त येते. अशा वेळी कोन टंकूच नये. @४०००,३००० असे आडवे आणि उभे अंतर द्यावे, म्हणजे कोन आपोआप नेमका येतो. तसेच व्हीलचेअरच्या रॅम्पचा १ः१२ उतार ४.७६ अंश म्हणून न काढता @१२०००,१००० असाच काढावा. कोन मुळातच अंशांत दिलेला असेल तरच अंश टंकावेत.

हे मी नुकसान सोसून शिकलो आहे. एका घराचे छप्पर आठ मीटर रुंद होते. आढे मधोमध, म्हणजे प्रत्येक पाख्याचे आडवे अंतर चार मीटर, आणि आढ्याची उंची दोन मीटर. रेषा मी बरोबर काढली होती, तिचा खरा कोन २६.५६५ अंश होता. परंतु कोनाचे माप टाकताना दशांश स्थळे शून्यावर राहिली होती, म्हणून नकाशावर स्वच्छ '२७°' छापले गेले. ट्रस, म्हणजे छपराचे लोखंडी सांगाडे, करणाऱ्या कारागिराने तो आकडा प्रमाण मानून लोखंड कापले. इकडे गवंड्याने दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंती लेव्हल लावून बरोबर दोन मीटर उंच चढवल्या होत्या. ट्रस उभे राहिले तेव्हा आढे भिंतीच्या माथ्यापासून ३८ मिलिमीटर वर होते. त्या फटीत माझी चार बोटे सहज गेली. ट्रस उतरवून जोड पुन्हा कापावे लागले, आणि तेही पाऊस तोंडावर आलेला असताना. त्या दिवसापासून छपराच्या नकाशावर मी कोनाचे माप एकटे टाकत नाही, त्याच्याशेजारी आडवे आणि उभे अंतर लिहितोच.

यातून हे लक्षात यावे, की ऑटोकॅड रेषा आत पूर्ण अचूकतेने साठवतो आणि गोलाकार करतो तो फक्त पडद्यावरचा आकडा. युनिट्सच्या चौकटीत कोनाची अचूकता निदान चार दशांश स्थळांवर आणावी. मोजमापाच्या शैलीतील कोनाची अचूकता वेगळी असते, तीही बदलावी. एक अंशाच्या चुकीने दर मीटरला सुमारे साडेसतरा मिलिमीटर फरक पडतो, हे प्रमाण मनात असले की किती दशांश स्थळे पुरेत याचा अंदाज स्वतःच करता येतो.

मोजणीच्या नकाशावरून हद्द उतरवत असाल, तर तेथे दिशाकोन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला असू शकतो. तो ९० मधून वजा करावा: १२० चा दिशाकोन ऑटोकॅडमध्ये -३० होतो. युनिट्समधील शून्याची दिशाच उत्तरेकडे फिरवण्याचा मार्गही आहे, पण ती फाइल पुढे दुसऱ्याच्या हाती गेली की घोटाळा होतो, म्हणून मी तो टाळतो.

रेषा काढून झाल्यावर डिस्ट आज्ञा देऊन तिची दोन्ही टोके टिपावीत. लांबी आणि कोनाबरोबर डेल्टा एक्स आणि डेल्टा वाय हे दोन आकडे येतात. खऱ्या ३७ अंशांच्या ४००० च्या रेषेसाठी ते सुमारे ३१९४.५४ आणि २४०७.२६ यायला हवेत. ३२०० आणि २४०० आले, तर आपली रेषा चारास तीन उताराची आहे, आणि मग यांपैकी कोणती हवी होती हे ज्याने माप दिले त्यालाच विचारून घ्यावे.