ऑपरेशन थिएटरच्या लाइटवर एवढा खर्च खरंच लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ डॉक्टर आहेत, तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल बांधतायत. थिएटरच्या लाइटचं कोटेशन बघून घरच्यांचे डोळे पांढरे झाले. त्याऐवजी छताला चांगले एलईडी फ्लडलाइट लावले तर काय बिघडतं?

मी जिल्ह्याच्या ठिकाणी थिएटर सिस्टर आहे. रोज सर्जनच्या समोर उभी असते, त्यामुळे हा उजेड मला जवळून माहीत आहे. काटकसर रिसेप्शनच्या ग्रॅनाइटमध्ये करा, केबिनच्या फर्निचरमध्ये करा, थिएटरच्या लाइटमध्ये मात्र अजिबात नको.

फ्लडलाइटने खोली उजळेल, यात वाद नाही. पण टेबलावर काय होतं बघा. वीतभर छेदावर तीन डोकी वाकलेली असतात: सर्जन, असिस्टंट आणि मी. वरून एका जागेवरून येणारा उजेड या डोक्यांवर अडतो आणि सावली नेमकी जखमेत पडते. सिझेरियनचंच घ्या. बाळ बाहेर आलं, नाळ कापली, की गर्भाशयाच्या छेदाची दोन्ही टोकं पकडायची असतात. आम्ही त्यांना अँगल म्हणतो. एखादा अँगल बाजूला, खाली फाटत गेलेला असेल तर तिथून रक्त भराभर वर येतं. सक्शन लावून रक्त ओढायचं, मॉप म्हणजे कापडी घडी दाबायची, आणि मॉप उचलला की फाटीचं टोक क्षणभर दिसतं. लगेच पुन्हा रक्त भरतं. त्या क्षणाला तळापर्यंत उजेड असेल तर टाका टोकाच्या बरोबर पलीकडे बसतो. नसेल तर तो अंदाजाने घातला जातो, आणि तिथून अगदी जवळून मूत्रवाहिनी जाते. ती टाक्यात सापडली तर पेशंटचं पुढचं सगळं चित्रच बदलतं.

थिएटरच्या लाइटचं डोकं एवढं रुंद असतं ते याचसाठी. त्यात बरेच एलईडी पसरून बसवलेले असतात आणि सगळ्यांचा रोख एकाच जागेवर असतो. सर्जनच्या डोक्याने मधले काही अडवले तरी कडेचे वेगळ्या कोनातून आत पोचतातच. म्हणून सावली काळीकुट्ट न पडता विरून जाते. लाइटची अशी दोन डोकी असतील तर आणखी बरं: एक सर्जनच्या खांद्यावरून, दुसरं पायाच्या बाजूने ओटीपोटात. ही कल्पना जुनी आहे. अल्जिअर्सला शिकवणाऱ्या लुई व्हेरां नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने १९१९ च्या सुमारास एका दिव्याभोवती आरशांचं कडं बसवून असा लाइट तयार केला. त्याआधी थिएटर इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, काचेच्या छताखाली असायची. लंडनचं १८२२ मधलं जुनं थिएटर तर चर्चच्या माळ्यावर आहे. बॉस्टनला १८४६ मध्ये ईथरची भूल देऊन जे प्रसिद्ध ऑपरेशन झालं तेही घुमटाखालीच. आभाळ भरून आलं की सर्जनची पंचाईत, आणि ईथर पेट घेणारं असल्यामुळे जवळ उघडी ज्योत आणायचीही भीती.

आता लक्सचा, म्हणजे उजेड मोजायच्या एककाचा आकडा, कारण विकणारा माणूस आधी तोच दाखवतो. ऑफिसात टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. थिएटरच्या लाइटसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०६०१-२-४१, त्यात एक मीटर अंतरावर मध्यभागी ४०,००० ते १,६०,००० लक्स धरलेत. भर दुपारचं थेट ऊन एक लाखाच्या आसपास असतं. पण १,६०,००० वाला लाइट घेतला म्हणजे जिंकलं, असं समजू नका. पूर्ण ताकदीवर पांढरा मॉप आणि स्टीलची हत्यारं इतकी चमकतात की डोळे दिपतात, आणि नजर उचलून मॉनिटरकडे पाहिलं की क्षणभर काही दिसत नाही. आमचे सर बहुतेक केस अर्ध्या ताकदीवर करतात. खोलीतला बाकीचा उजेड म्हणूनच चांगला हवा, साधारण १,००० लक्स, म्हणजे डोळ्यांना सारखं लख्ख उजेडातून अंधारात जावं लागत नाही. एक मात्र लक्षात घ्या: साठीच्या डोळ्यांना तिशीतल्या डोळ्यांपेक्षा बराच जास्त उजेड लागतो. भाऊ आज तरुण असतील, पण हा लाइट पंधरा-वीस वर्षं वापरायचाय.

माझ्या मते लक्सपेक्षा रंग महत्त्वाचा, आणि त्याबद्दल कोणी विचारतच नाही. अडकलेल्या हर्नियाची केस सांगते. पिशवी उघडली की आतड्याचा वेटोळा जांभळट-काळपट दिसतो. अडकलेली जागा मोकळी करायची, कोमट सलाइनचा मॉप त्यावर ठेवायचा आणि थांबायचं. थिएटरमध्ये त्या वेळी कोणी बोलत नाही. काही मिनिटांनी मॉप उचलून सर बघतात: रंग परत गुलाबी होतोय का, तुकतुकी आली का, चिमटा लावल्यावर आतडं हलतं का. हललं तर आत ठेवायचं, नाहीतर तेवढा भाग कापून जोडायचा. हा निर्णय बराचसा रंगावर असतो. लाइटमध्ये गडद लाल रंग कमी असेल तर जिवंत आतडंही मेल्यासारखं करडं दिसतं. स्वस्त निळसर एलईडीत हेच होतं. मानकात रंगाच्या खरेपणाचा निर्देशांक, सीआरआय, किमान ८५ मागितलाय, पण तो आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात. गडद लालचा आकडा वेगळा असतो, त्याला आर-नाइन म्हणतात. कोटेशनमध्ये तो लिहिलेला नसेल तर मागून घ्या. भूलतज्ज्ञांनाही पेशंटच्या ओठांचा, नखांचा निळेपणा ओळखायचा असतो, तेव्हा खोलीतल्या ट्यूबही चांगल्या रंगाच्याच घ्या. पेशंटवर घालायचे हिरवे-निळे कपडे, म्हणजे ड्रेप, हाही याच रंगाच्या खटाटोपाचा भाग. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. हॅरी शेरमन यांनी थिएटर हिरवं केलं, कारण पांढऱ्याशुभ्र खोलीत लाल बघून बघून डोळे थकायचे.

उष्णतेचं थोडक्यात सांगते. जुन्या हॅलोजनखाली सरांच्या मानेला घाम यायचा आणि उघडी आतडी कोरडी पडायची. एलईडीत हा त्रास खूप कमी झाला. तरीही उजेड स्वतःच ऊर्जा असतो. दोन्ही डोकी एकाच जागी पूर्ण ताकदीवर लावून ठेवली तर टिश्यू सुकतो, म्हणून ओले मॉप ठेवावेच लागतात. बोटाच्या पल्स ऑक्सिमीटरवर थेट लाइट पडला तर कधी कधी त्याचं रीडिंग बिघडतं, त्यासाठी हातावर कपडा टाकतात.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला हा मोठा लाइट लागतच नाही, असं तुम्हाला कोणी सांगेल. खरं आहे, तेव्हा आम्ही तो बंद करतो, कारण उजेड आतूनच येतो. पण मधेच रक्तवाहिनी फुटली आणि पोट उघडायची वेळ आली तर तोच लाइट त्या क्षणाला हवा असतो.

आणि वीज. तुमच्याकडे ती किती वेळा जाते हे तुम्हीच जाणता. जनरेटर आपोआप सुरू होणारा असला तरी लोड घ्यायला काही सेकंद लागतात, आणि मघाशी सांगितलेला अँगल तेवढा वेळ थांबत नाही. विजेच्या जोडणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात थिएटरच्या लाइटला पर्यायी वीज अर्ध्या सेकंदात मिळायला हवी असं म्हटलंय. म्हणजे बॅटरी लाइटलाच जोडलेली हवी, जनरेटर तिच्या मागे. २०२४ मध्ये मुंबईत महापालिकेच्या एका प्रसूतिगृहात वीज गेलेली असताना मोबाइलच्या टॉर्चवर सिझेरियन केल्याचा आरोप घरच्यांनी केला होता. आई आणि बाळ दोघंही गेली. ती बातमी वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. टॉर्च म्हणजे एकच ठिणगीएवढा दिवा, तोही कोणाच्या तरी हलत्या हातात. आमच्याकडे दर सोमवारी, टेबल रिकामं असताना, मामा म्हणजे आमचे वॉर्डबॉय मेन स्विच पाडतात आणि आम्ही लाइट टिकतो का ते बघतो. बॅटरी दिसायला ठीक असली तरी आतून मेलेली असू शकते, आणि हे स्विच पाडल्याशिवाय कळत नाही.

भावांना सांगा, डेमो घ्यायचा तर नुसत्या लक्स मीटरवर घेऊ नका. एक उंच, अरुंद डबा घ्या, आतून काळा कागद लावा, तळाशी वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा. डबा टेबलावर ठेवून दोघांनी त्यावर डोकी वाकवायची, आणि तळाची बारीक अक्षरं वाचता येतात का बघायचं. मग लाइट थोडा वर-खाली करून पुन्हा बघायचं. काही लाइट अंतर जरा बदललं की मंद होतात, मग ऑपरेशनभर तो ओढत बसावं लागतं. हात लावून सोडला की आहे तिथे थांबतो का, हळूहळू खाली येतो का, तेही बघा. सरकणारा लाइट सर्जनचं अर्धं लक्ष खातो. मधलं हँडल निघून ऑटोक्लेव्ह होतं ना, म्हणजे वाफेने निर्जंतुक करता येतं ना, आणि जादा हँडल किती देतात, हे विचारा. एका दिवसात चार केस असतील तर एकाने भागत नाही. शक्य असेल तर तिथे काम करणार असलेल्या सिस्टरला डेमोला बोलवा, कारण लाइट फिरवायचं काम बहुतेक वेळा तिच्यावर किंवा मामांवरच येतं.

शेवटचं आणि तातडीचं: बांधकाम कुठवर आलंय? छताच्या लाइटचं वजन फॉल्स सिलिंग पेलत नाही, त्याची प्लेट थेट स्लॅबला बोल्टने पक्की करावी लागते. टेबल नेमकं कुठे येणार ते ठरवून, कंपनीकडून प्लेटचं ड्रॉइंग मागवून, ते काम फॉल्स सिलिंगच्या आधी उरका. बॅटरीची वायरही त्याच वेळी टाकून घ्या.