वृद्धांच्या निवासी केंद्रात काम करणं नेमकं कसं असतं? मला जमेल का?

नोकरी मिळतेय, पण दुसऱ्याचं मलमूत्र काढायच्या कल्पनेनेच पोटात गोळा येतो, असं तुम्ही लिहिलंय. मी नऊ वर्षं हेच काम करतेय, त्यातली चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्यांच्या मजल्यावर.

किळस काही आठवड्यांत जाते. समोरच्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लाज वाटतेय हे एकदा दिसलं, की दार लावून घेणं, कमरेवर चादर ओढणं, हात लावण्याआधी "आजोबा, आता कूस बदलूया हं" असं सांगणं आपोआप अंगवळणी पडतं.

मला अजून सवय झाली नाही ती घाईची. सकाळी दोघींनी मिळून चौदा जणांना उठवायचं, पुसायचं, कपडे घालायचे. एका आजोबांना शर्टाची बटणं स्वतः लावता यायची, फक्त वेळ लागायचा. मी रोज पटकन लावून टाकायचे. काही महिन्यांनी बघते तर त्यांना ती लावता येईनात. आजाराचा भाग असेलही, पण माझ्या घाईचाही होता. ते मला आजही टोचतं.

या कामातलं खरं कौशल्य म्हणजे लक्ष असणं. स्वतःहून हलता न येणाऱ्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, आणि दर वेळी माकडहाड, खुबे, टाचा बघायच्या. लालसर डाग बोटाने दाबून पाहायचा. दाबूनही फिका पडला नाही, तर तिथे बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात फिरवून ती जागा गरम किंवा कडक लागतेय का ते बघायचं. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे पाणी मागितलं नाही म्हणजे नको आहे, असं धरून चालत नाही.

आमच्या एक आजी रोज दुपारी रुमालांच्या घड्या घालत बसायच्या. एक दिवस रुमाल तसेच पडलेले, आणि त्या मला ओळखेनात. "वय झालंय," असं कुणीतरी म्हणालं. मी हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना पुढच्यांना माहिती देतो तेव्हा, आवर्जून सांगितलं, नर्सने तपासण्या करून घेतल्या, तर लघवीचा संसर्ग निघाला. अचानक आलेला गोंधळ हा बहुतेकदा आजार असतो, आणि तो पहिल्यांदा आपल्यालाच दिसतो.

स्मृतिभ्रंश असलेल्यांची घालमेल अनेकदा संध्याकाळी वाढते. "घरी जायचंय, आई वाट बघतेय," म्हणतात. सुरुवातीला मी अशा एका बाईंना खरं सांगायचे, की आई आता नाही. त्या बाईंना ती बातमी दर वेळी नवीन असायची. हे कळल्यापासून मी शेजारी बसते आणि "आई कशी होती हो तुमची?" असं विचारते.

मरण जवळून बघावं लागेल. शेवटच्या दिवसांत खाणंपिणं थांबतं, तेव्हा ओल्या बोळ्याने ओठ आणि तोंड ओलं ठेवायचं, हात धरायचा. नंतर अंग पुसताना आम्ही त्यांच्याशी नेहमीसारखंच बोलतो. दोन-तीन दिवसांत त्या पलंगावर दुसरं कुणी येतं आणि रडायला वेळच उरत नाही. या बाबतीत संस्थांनी कर्मचाऱ्यांसाठी फार काही केलेलं मी पाहिलेलं नाही, आणि मला त्याचा राग येतो.

पाठ जपा. माझी दुसऱ्याच वर्षी गेली, एकटीने उचलल्यामुळे. होकार देण्याआधी एवढं विचारून घ्या: रात्री किती जणांमागे एक माणूस असतो, माणसाला उचलायचं यंत्र (लिफ्ट) किंवा पलंगावर सरकवायची गुळगुळीत चादर (स्लाइड शीट) आहे का, आणि ती वापरायला कोण शिकवणार. शक्य झालं तर एक दिवस नुसतं कुणाबरोबर तरी फिरा. बेल वाजल्यावर किती वेळाने कुणी जातं, ते बघा.