ऑलिम्पिक-एशियाडच्या राजकारणावर खेड्यात बसून पीएचडी जमते का?

तुम्ही विचारलं आहे की हा खरंच पीएचडीचा विषय आहे का नुसता जीकेचा, आणि यवतमाळकडच्या खेड्यात राहून तो करता येते का. दोन्हीचं उत्तर हाओ. मी दर्यापूर तालुक्यात शाळेवर पीटीचा मास्तर आहे, बीपीएड झाल्यावर बाहेरून इतिहासात एमए केलं, तेव्हापासून हे खूळ डोक्यात आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

खूळ लागलं ते मशालीवरून. आमच्याकडे दर हिवाळ्यात शाळेचे सामने असतात, मारुतीच्या पारापासून मैदानापर्यंत पोरं मशाल घेऊन धावतात, सरपंचबाई ती हातात घेतात आणि माइकवर कोणीतरी 'ग्रीकांची प्राचीन परंपरा' सांगते. तो कोणीतरी म्हणजे बरीच वर्षं मीच. मग वाचण्यात आलं की स्टेडियमात ज्योत पेटली ती १९२८ ला अॅमस्टरडॅममध्ये, आणि ऑलिंपियाहून पळवत आणायची रीत तर १९३६ ची, हिटलरच्या बर्लिनसाठी कार्ल डीम नावाच्या आयोजकाने काढलेली, तीन हजारावर धावपटू, आणि मशाली कोणाच्या तर तोफा बनवणाऱ्या क्रुप कंपनीच्या. त्या वर्षी माइक दुसऱ्याला दिला.

आता त्याच १९३६ ला आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला गेलं होतं, हुतूतू, मल्लखांब असे देशी प्रकार दाखवायला. हे खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण आमच्या पारावर ती गोष्ट वाढत वाढत 'कबड्डी ऑलिम्पिकमध्ये खेळल्या गेली' इथपर्यंत आली. प्रात्यक्षिक खेळ (म्हणजे नुसते दाखवायचे, पदक नसलेले) म्हणून बर्लिनला अधिकृत धरलेले दोनच, बेसबॉल आणि ग्लायडिंग. मग आपले लोक कुठे बसतात? त्याच दिवसांत तिथे देशोदेशीच्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांचं शिबिर पण भरलं होतं, शोध तिकडून सुरू करायचा. बोलावलं कोणी, बोटीचा खर्च कोणी केला, इंग्रज सरकारने जाऊ कसं दिलं, आणि जर्मनीला हे सगळं दाखवून घ्यायचं कशासाठी होतं. एवढ्या चार प्रश्नांत अख्खा थिसिस आहे बावा. मी हे गावात बोललो तर एक जुने पहिलवान महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, त्यांना वाटलं मी मंडळाचा मान कमी करून राहिलो.

दुसरं, निमआराम एसटीला आपण अजून 'एशियाड' म्हणतो ना, ते नाव १९८२ च्या दिल्ली एशियाडवरून. गाडीत बसणाऱ्याला हे माहीत असते, पण ती स्टेडियमं बांधणाऱ्या मजुरांची केस सुप्रीम कोर्टात गेली होती हे माहीत नसते. एका पत्रावरून केस उभी राहिली, न्यायमूर्ती भगवतींसमोर. किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे, त्यातून मजूर आणणारा जमादार रुपया कापायचा. कोर्ट म्हणालं किमान मजुरीपेक्षा कमी देणं म्हणजे वेठबिगारीच, घटनेचं कलम २३. निकाल नेटवर आहे, आधी तो वाचा, खेळाच्या इतिहासाचं एवढं चांगलं कागदपत्र आयतं मिळत नाही.

आणि राजकारण उघड्यावर पाहायचं असेल तर १९६२ चं जकार्ताचं एशियाड. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊच दिलं नाही, एशियाड सुरू करणारे आपले गुरुदत्त सोंधी म्हणाले मग याला एशियन गेम्स म्हणता येणार नाही, झालं, लोक भडकले, भारताच्या दूतावासावर जमाव चालून गेला, सोंधींना तिथून निघून यावं लागलं आणि त्याच वातावरणात आपल्या फुटबॉलवाल्यांनी स्टेडियमभर हुर्यो ऐकत दक्षिण कोरियाला २-१ ने हरवलं. आपल्याकडे फक्त ते गोल्ड सांगतात, पुढचं सांगत नाहीत. आयओसीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने, इंडोनेशियाला निलंबित केलं तर तिथले राष्ट्राध्यक्ष सुकार्णो यांनी १९६३ ला स्वतःचीच स्पर्धा भरवली, गॅनेफो, आणि उघड म्हणाले की खेळ आणि राजकारण वेगळं नसतेच. (निदान खोटं तरी बोलले नाहीत.) मग तिथे धावलेल्यांना १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये बंदी. उत्तर कोरियाची शिन गुम-दान, ४०० आणि ८०० मीटरची जबरदस्त धावपटू, तिच्यात सापडली. अख्खा संघच टोकियोतून परत फिरला. कोरियन युद्धात ताटातूट होऊन तिचा बाप दक्षिणेत राहिला होता, तो टोकियोला आला होता, निघायच्या आधी बापलेकीची भेट झाली ती जेमतेम काही मिनिटं. वर्गात हे सांगितलं तर एकही पोरगं हललं नाही.

आता कामाचं. ऑलिम्पिकचे जुने अधिकृत अहवाल लॉस एंजेलिसच्या एलए एटीफोर फाउंडेशनच्या डिजिटल लायब्ररीत फुकट आहेत. लोकसभेतल्या जुन्या चर्चा संसदेच्या डिजिटल लायब्ररीत, आणि आपल्या देशात कोणी काय पीएचडी केली ते शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर. पण अहवाल यजमानाने स्वतःबद्दल लिहिलेला असते, लग्नाच्या व्हिडिओसारखा, मांडवातलं भांडण त्यात दिसत नाही, ते पेपरात आणि कोर्टात शोधा. नोंदणी शक्यतो इतिहासात नाहीतर राज्यशास्त्रात करा, शारीरिक शिक्षणात गेलात तर बहुतेक वेळा पोरांचे नाडीचे ठोकेच मोजत बसाल. माझ्या पहिल्या गाइडने 'खेळात कसला आला इतिहास' म्हणून सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, परत केली होती, त्यात दोन वर्षं गेली, तुम्ही आधीच विचारून घ्या. इंग्रजी वाचावंच लागते, सुटका नाही, रोज चार पानं धरा.

पीडीएफ भल्ल्या जड असतात, रात्री डाउनलोडला लावून झोपा. आमच्याकडे दिवसा रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते.